विश्लेषण : स्तनांची तपासणी गावात, पण गाठ लागली तर पुढे काय?

मोहफूल वेचणे संपले की तेंदूपाने, तेंदू संपला की रोवणी आणि रोवणीनंतर काही महिन्यांनी धानाची कापणी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बाईच्या वर्षाचा हिशेब असा चालतो. काहीही दुखत नसताना दवाखान्यात जाण्याला त्या हिशेबात जागा नसते. स्तनांच्या कर्करोगाची नियमित तपासणी मात्र काही दुखत नसतानाच करायची असते. सरकारी कार्यक्रमानुसार ही तपासणी गावाजवळच्या उपकेंद्रात आणि मोफत व्हायला हवी. ती कशी होते, तिचा उपयोग किती आणि गाठ लागलेल्या महिलेचा पुढचा रस्ता कुठे अडतो, याचा हा आढावा.

तपासणी कोणाची, किती वर्षांनी?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये तोंडाचा, गर्भाशयमुखाचा आणि स्तनांचा अशा तीन कर्करोगांच्या तपासणीसाठी मार्गदर्शक आराखडा जाहीर केला. त्यानुसार ३० ते ६५ वयोगटातील प्रत्येक महिलेची स्तन तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, असे ठरले. त्रास असो वा नसो, या वयातील प्रत्येक महिला तपासणीसाठी पात्र आहे.

पहिली पायरी आशाताईंची. त्या घरोघरी जाऊन तिशीपुढील प्रत्येक व्यक्तीचा एक फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरातील आजार अशा प्रश्नांबरोबरच महिलांसाठी त्यात काही वेगळे प्रश्न आहेत. स्तनात गाठ आहे का? स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो का? आकारात बदल झाला आहे का? यापैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर वाट न पाहता पुढे पाठवायचे. उत्तर ‘नाही’ असले तरी वयानुसार तपासणी करायचीच. ती उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा नर्सबाई करतात.

उपकेंद्रात नेमके काय होते?

या तपासणीला यंत्र लागत नाही, सुई लागत नाही आणि उपाशीपोटीही जावे लागत नाही. पडद्याआड किंवा बंद खोलीत महिला आरोग्य कर्मचारी आधी बसवून पाहते. हात खाली, हात वर आणि हात कमरेवर अशा तीन स्थितींत दोन्ही स्तनांचा आकार सारखा आहे का, कातडी आत ओढली गेली आहे का, संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात का, स्तनाग्र अलीकडे आत वळले आहे का, हे बघितले जाते. मग आडवे झोपवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी छोटी वर्तुळे करत संपूर्ण स्तन चाचपला जातो. दाब आधी हलका, मग मध्यम, मग खोल. शेवटी काख आणि मानेखालच्या हाडाचा भाग.

नीट केलेल्या तपासणीला पाच-दहा मिनिटे लागतात. पाळी सुरू असलेल्या महिलेने पाळीनंतर काही दिवसांनी जावे. तेव्हा स्तनांतील ताठरपणा कमी असतो आणि हाताला फरक नीट कळतो. तपासणारी व्यक्ती महिलाच असावी, असा आग्रह धरण्यात काहीही गैर नाही.

मग मॅमोग्राफी का नाही?

ब्रिटनमध्ये ५० ते ७१ वयाच्या महिलांना दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीसाठी पत्र येते. अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी ती करावी, अशी शिफारस केली. भारतात अशी सरसकट मॅमोग्राफीची राष्ट्रीय योजना नाही. त्यामागे केवळ पैशांची चणचण नाही.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा कमी मात्रेचा क्ष-किरण फोटो. वाढत्या वयात स्तनात चरबीचे प्रमाण वाढते आणि फोटोत गाठ ठळक दिसते. तरुण वयात स्तन घट्ट असतात, फोटो पांढुरका येतो आणि त्यात पांढरीच दिसणारी गाठ लपून राहू शकते. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे आधी गाठतो, त्यामुळे ही अडचण इथे अधिक जाणवते. शिवाय फोटो काढण्याइतकेच तो वाचणेही महत्त्वाचे. त्यासाठी प्रशिक्षित रेडिओलॉजिस्ट लागतो आणि तो तालुक्याच्या ठिकाणी क्वचितच असतो.

तिसरे कारण आकडेवारीचे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू आहे. स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईसारख्या शहरांपेक्षा ग्रामीण भागात कमी असल्याचे तिने दाखवून दिले. प्रमाण कमी असलेल्या ठिकाणी निरोगी महिलांचे सरसकट फोटो काढले तर खर्च मोठा होतो आणि उगाच घाबरवल्या जाणाऱ्यांची संख्याही वाढते. म्हणून आधी हाताने तपासणी आणि गरज असेल तिलाच मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, हा मार्ग स्वीकारला गेला.

हाताच्या तपासणीवर भरवसा ठेवावा का?

या प्रश्नाचे जगातील सर्वांत मोठे उत्तर महाराष्ट्रातूनच आले. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये एक दीर्घ अभ्यास सुरू केला. वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ महिला त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत हाताने तपासणी केली आणि नंतरही पाठपुरावा ठेवला. डॉक्टरांनी नव्हे, कार्यकर्त्यांनी. २० वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले.

तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीपुढील महिलांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र धरल्यास घट १५ टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. पन्नाशीखालील महिलांच्या मृत्युदरात ठोस फरक आढळला नाही.

याचा अर्थ सरळ आहे. हाताची तपासणी ही गरिबांच्या माथी मारलेली दुय्यम तपासणी नाही, तसाच तो चमत्कारही नाही. पन्नाशीनंतर तिचा फायदा सिद्ध झाला आहे. त्याआधी गाठ लवकर सापडण्यास तिची मदत होते, त्यामुळे उपचार तुलनेने सोपे होऊ शकतात.

टप्प्याने किती फरक पडतो, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ११ कर्करोग नोंदणी केंद्रांवरील अभ्यासातून दिसते. २०१२ ते २०१५ दरम्यान निदान झालेल्या महिलांपैकी ज्यांचा आजार स्तनापुरता मर्यादित होता, त्यांच्यात पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ८१ टक्के होते. आसपासच्या गाठींपर्यंत पसरलेला असेल तर सुमारे ६५ टक्के आणि शरीरात दूरवर पसरलेला असेल तर केवळ १८ टक्के.

गाठ लागली म्हणजे कर्करोगच का?

नाही. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये हाताखाली सरकणाऱ्या साध्या गाठी असतात, चाळिशीत पाण्याच्या गाठी होतात, अंगावर पाजणाऱ्या मातेला दुधाची गाठ किंवा गळू होऊ शकते. पण कोणती गाठ साधी आणि कोणती नाही, हे नुसत्या हाताने ठरवता येत नाही. न दुखणारी गाठ निरुपद्रवी, हा समज तर धोक्याचा आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

म्हणून पुढे तीन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबला जातो आणि प्रत्येक बाजूचे साधारण दोन फोटो काढले जातात. थोडे दुखते, पण लगेच थांबते. अहवालावर ० ते ६ असा अंक असतो. ० म्हणजे माहिती अपुरी, आणखी फोटो हवेत. १ आणि २ म्हणजे काळजीचे कारण नाही. ३ म्हणजे बहुधा साधे, पण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी करा. ६ हा अंक निदान आधीच झालेल्यांसाठी. ० पाहून घाबरू नये आणि ३ पाहून विसरूनही जाऊ नये.

बायोप्सीत जागा बधिर करून सुईने गाठीचा छोटा तुकडा काढतात. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ ही भीती गावोगावी ऐकू येते, पण तिला आधार नाही. बायोप्सीशिवाय पक्के निदान होत नाही, आणि निदानाशिवाय उपचार सुरू होत नाहीत.

तपासणीचे तोटे आहेत का?

आहेत आणि ते सांगायलाच हवेत. तपासणीत काही लागले नाही याचा अर्थ पुढची पाच वर्षे निर्धास्त राहावे असा नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळातही गाठ होऊ शकते. दुसऱ्या बाजूला, साध्या गाठीसाठी धावपळ, खर्च आणि आठवडेच्या आठवडे धास्ती सोसावी लागू शकते. मॅमोग्राफीत तर कधी कधी असा संथ आजारही सापडतो, ज्याने त्या महिलेला आयुष्यभर काही त्रास झालाच नसता.

शहरातील महिलेसाठी ही धास्ती दोन-चार फेऱ्यांची असते. जंगलातील गावासाठी एका फेरीचा अर्थच वेगळा. त्यामुळे इथे तपासणी सुरू करणाऱ्या यंत्रणेवर तिचा शेवट करण्याची जबाबदारी अधिक आहे. गाठ आहे असे सांगून त्या महिलेला वाऱ्यावर सोडणे, हे तपासणी न करण्यापेक्षाही वाईट ठरू शकते.

महिला तपासणीला का येत नाहीत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी केवळ ०.९ टक्के महिलांनी आयुष्यात कधी तरी स्तन तपासणी करून घेतली होती. शंभरात एकही नाही.

याचे दोषारोपण ‘अज्ञान’ या एका शब्दावर करणे सोपे आहे. गडचिरोलीचाच इतिहास वेगळे सांगतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ संस्थेमार्फत वसा आणि अमिर्झा या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० महिलांपैकी ९२ टक्के महिलांना किमान एक स्त्रीरोग होता. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या महिला होत्या केवळ ८ टक्के. या महिला गप्प होत्या, कारण त्यांना कुणी विचारलेच नव्हते. विश्वासातील बाईने विचारल्यावर त्या तपासणीला आल्या.

आजही अडथळे तेच आहेत, फक्त त्यांची नावे नीट लिहायला हवीत. पहिला अडथळा हंगामाचा. तेंदूच्या दिवसांत किंवा रोवणीच्या महिन्यात लावलेले शिबिर रिकामे राहणारच, कारण त्या दिवसाची मजुरी परत मिळत नाही. दुसरा भाषेचा. दोन जिल्ह्यांत मराठीबरोबर गोंडी, माडिया, कोलामी, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीत बंगाली आणि कोरचीकडे छत्तीसगढी बोलली जाते. मराठीतील भित्तिपत्रक इथे अनेक घरांसाठी परके असते. तिसरा रिवाजाचा. काही माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाई कुर्माघरात असते. त्याच दिवशी शिबिर असेल तर तिचे नाव आपोआप गळते. चौथा अडथळा साध्या पडद्याचा. ज्या उपकेंद्रात आडोसा नाही, तिथे कपडे काढायला कोणती बाई तयार होईल?

खरी अडचण अंतराची?

बऱ्याच अंशी हो. भामरागडहून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर आणि तिथून नागपूर जवळपास तेवढेच. सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी वर्षानुवर्षे छापून येते. रेल्वे गडचिरोली जिल्ह्याला स्पर्श करते ती देसाईगंज-वडसा इथे. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवतीच्या पहाडावरील कोलाम गुड्यांचे अंतर नकाशावर कमी दिसते, पण गाडी मिळेपर्यंतचा वेळ नकाशात दिसत नाही.

मुंबईच्या अभ्यासातील महिलेला परळच्या रुग्णालयात जायला लोकल होती. इथल्या महिलेला एका बायोप्सीसाठी दोन मुक्काम करावे लागू शकतात. सिरोंचाकडील अनेक रुग्ण तेलंगणातील वारंगळ-करीमनगर जवळ पडते म्हणून तिकडे जातात. मग त्यांची पुढची नोंद आपल्या यंत्रणेला राहत नाही.

जमेची बाजूही आहे. चंद्रपुरात टाटा ट्रस्ट्स, राज्य सरकार आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून १४० खाटांचे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आणि चातगावजवळ शोधग्राम इथे ‘सर्च’चे रुग्णालय यांच्यावर लोकांचा दशकांचा विश्वास आहे. साखळीच्या दोन्ही टोकांना कड्या आहेत. अडते ते मधल्या भागात.

उपचारांचा खर्च कोण करतो?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातील कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशनचा त्यात समावेश होतो. २ जुलै २०१२ रोजी ही योजना ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. नोंदणीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र कागदपत्रांसाठी मदत करतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे.

मात्र योजनेचा दरवाजा बहुधा निदान झाल्यावर उघडतो, कारण मंजुरीसाठी बायोप्सीचा अहवाल लागतो. त्याआधीचा प्रवास, मुक्काम, जेवण, सोबत आलेल्या माणसाची मजुरी आणि घरी राहिलेल्या लेकरांची सोय, हे सारे त्या कुटुंबाच्या अंगावर. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. रेल्वेत कर्करोग रुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला सवलत मिळते, पण त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र हवे. म्हणजे पुन्हा निदान आधी, मदत नंतर.

यशाचा आकडा कोणता मानायचा?

१७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२५ या काळात देशभर ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान झाले. एका आठवड्यात स्तन कर्करोग तपासणीसाठी ऑनलाइन नोंदणी करणाऱ्यांची संख्या सुमारे ९ लाख ९४ हजार झाली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. उत्साह चांगलाच आहे. पण हा विक्रम नोंदणीचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने या आजारासाठी तीन कसोट्या सांगितल्या आहेत. किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावे आणि ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत. या तिन्हींपैकी एकही कसोटी ‘किती जणींची तपासणी केली’ असे विचारत नाही.

समजा, एका तालुक्यात १,००० महिलांची तपासणी झाली आणि ३० जणींना पुढे पाठवले. त्या ३० पैकी १५ जणी पोहोचल्याच नाहीत, तरी अहवालात ‘१,००० तपासण्या पूर्ण’ असेच छापले जाईल. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप होता, ती कदाचित त्या पंधरांत असेल.

आणखी एक ढोबळ हिशेब पाहण्याजोगा आहे. आदिवासी व डोंगरी भागात एका उपकेंद्रामागे ३,००० लोकसंख्येचा निकष आहे. त्यात महिला निम्म्या, म्हणजे १,५००. त्यातील ३० ते ६५ वयाच्या दहापैकी चार धरल्या तर ६००. प्रत्येकीची पाच वर्षांतून एकदा तपासणी म्हणजे वर्षाला १२०, महिन्याला १०. महिन्याला दहा महिला! यासाठी मंडप, फलक आणि एका दिवसाचे महाशिबिर लागत नाही. ठरलेला वार, एक खोली, एक पडदा आणि हात बसलेली एक कर्मचारी पुरते.

मग काय करायला हवे?

पहिली गोष्ट, शिबिराऐवजी ठरलेला वार. हंगाम पाहून आखलेला आणि कुणी चुकली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा येता येईल असा. गडचिरोलीने जगाला शिकवलेला धडाही हाच आहे. ‘सर्च’च्या ३९ गावांतील प्रयोगात गावातल्याच महिलांना नवजात बाळांच्या काळजीचे प्रशिक्षण दिले गेले आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. शिकवलेले हात, रोजचा संपर्क आणि काटेकोर नोंद यांच्या जोरावर ते झाले. स्तन तपासणीलाही हेच तीन घटक लागतात. प्रशिक्षण एकदा देऊन भागत नाही. हाताची सवय टिकवण्यासाठी त्याची उजळणी हवी.

दुसरी गोष्ट, नावानिशी यादी. गाठ लागलेल्या प्रत्येक महिलेचे नाव तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर असावे आणि पहिल्या दिवसापासून ६० दिवस मोजले जावेत. कुणाचे निदान झाले, कुणाचे राहिले आणि का राहिले, हे दर महिन्याला तपासले जावे. सार्वजनिक करायचे ते फक्त आकडे. नावे गोपनीयच राहिली पाहिजेत.

तिसरी गोष्ट, बाईऐवजी नमुन्याला प्रवास करू द्यावा. अहेरीसारख्या उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशी सोनोग्राफी व बायोप्सीची सोय झाली, तर काचेच्या बाटलीतील तुकडा चंद्रपूर-नागपूरच्या प्रयोगशाळेत जाऊ शकतो. अहवाल फोनवर येऊ शकतो. ज्यांच्या गाठी साध्या निघतील त्या बहुसंख्य महिलांची नागपूरवारी वाचेल आणि ज्यांना जायचे आहे त्या हातात निदान घेऊन जातील.

चौथी गोष्ट पैशांची, आणि त्यासाठी नवी कल्पना शोधावी लागत नाही. मानव विकास कार्यक्रमात गरोदर महिलेला बुडीत मजुरी मिळते. आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत बाळंतपणाआधी राहण्यासाठी माहेरघर आहे. हेच दोन आधार बायोप्सीसाठी पाठवलेल्या महिलेला आणि तिच्या सोबतिणीला का मिळू नयेत? चंद्रपूरचा कोळसा आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज यांच्यामुळे दोन्ही जिल्ह्यांच्या खनिज प्रतिष्ठानांकडे निधी येतो. त्याच्या नियमांत आरोग्य हे अग्रक्रमाचे क्षेत्र आहे. इमारत आणि यंत्र यांवर खर्च दाखवणे सोपे असते. प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांचे उद्घाटन होत नाही, एवढ्यासाठी ते मागे पडू नयेत.

वाचकांनी आज काय करावे?

घरातील ३० वर्षांपुढील महिलांची शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारावे. झालीच नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रात तपासणीचा वार विचारून घ्यावा. आई, बहीण किंवा मुलगी यांना हा आजार झाला असेल तर ते तपासणीच्या वेळी जरूर सांगावे.

नवी गाठ, स्तनाग्रातून रक्त, आत ओढलेली कातडी, काखेत गाठ यांपैकी काहीही आढळले तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात दाखवावे. हे पुरुषांनाही लागू आहे. प्रमाण फार कमी असले तरी त्यांनाही हा आजार होतो.

पुढे पाठवले तर चिठ्ठी, जुने अहवाल, रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत ठेवावे. कुठे जायचे, कोणत्या दिवशी, कोणाला भेटायचे आणि अहवाल कधी मिळणार, हे चार प्रश्न उपकेंद्रातून निघण्याआधीच विचारावेत. उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नये.